एच.२६५ की प्रोरेस? लग्नाच्या फुटेजचा हिशेब

चार तासांचे ४के फुटेज हाती आले की एडिटरसमोर दोन वाटा असतात: कॅमेऱ्याच्या एच.२६५ (म्हणजे घट्ट दाबून साठवलेल्या) फायलींवरच काम करायचे, किंवा त्या आधी प्रोरेस अथवा डीएनएक्सएचआर या एडिटिंगला सोयीच्या स्वरूपांत बदलून घ्यायच्या.

एच.२६५मध्ये साधारणपणे एक फ्रेम पूर्ण साठवली जाते आणि पुढच्या डझनभर फ्रेममधले फक्त बदल नोंदवले जातात. अंतरपाट दूर होतो तो नेमका क्षण शोधताना प्लेहेड (टाइमलाइनवरची सरकती खूण) मागेपुढे सरकवला, की प्रोसेसरला दर वेळी मागच्या पूर्ण फ्रेमपासून चित्र उभे करत यावे लागते, आणि पडदा थबकतो. ॲपलच्या प्रोरेसमध्ये किंवा ॲव्हिडच्या डीएनएक्सएचआरमध्ये प्रत्येक फ्रेम स्वयंपूर्ण असल्यामुळे प्लेहेड नेऊ तिथे चित्र लगेच उमटते.

या सुखाची किंमत जागेत मोजावी लागते. २५ फ्रेमच्या ४के प्रोरेस ४२२ या प्रकाराला सेकंदाला सुमारे ४९२ मेगाबिट लागतात, म्हणजे तासाला २२१ जीबी. कॅमेऱ्याने १०० मेगाबिटने टिपलेले एच.२६५ तासाला ४५ जीबीत मावते. चार तासांना एकीकडे १८० जीबी, दुसरीकडे जवळजवळ ८८५, आणि इतके करून मूळ चित्राचा दर्जा तसूभरही वाढत नाही.

म्हणून माझा कौल प्रॉक्सीला, म्हणजे एडिटिंगपुरत्या बनवलेल्या हलक्या प्रतींना आहे. १०८० आकाराच्या प्रोरेस प्रॉक्सीला तासाला अवघे १७ जीबी पुरतात. एडिटिंग त्यावर करावे, रंगकाम आणि अंतिम एक्स्पोर्ट मूळ फायलींवरून करावे, आणि काम हातावेगळे झाले की प्रॉक्सी पुसून टाकावी. मूळ फायली मात्र दोन डिस्कवर ठेवाव्यात. प्रॉक्सीची नावे बदलू नयेत, कारण मूळ फायलींशी त्यांची जोडणी बहुधा नावावरूनच होते. विधींप्रमाणे नावे देण्याच्या हौसेपायी माझा अर्धा दिवस फायली पुन्हा जोडण्यात गेला आहे.

सगळे फुटेज प्रोरेसमध्ये नेणे परवडते ते व्हीएफएक्सचे (दृश्य-करामतींचे) काम भरपूर असेल आणि फाइल अनेक हातांतून जाणार असेल तेव्हाच. उलट ॲपलच्या एम मालिकेचा मॅक असेल, तर १०-बिट ४:२:२, म्हणजे रंगांची जास्त माहिती साठवणारे एच.२६५देखील बऱ्याचदा थेट चालते, कारण ते उलगडण्याची सोय चिपमध्येच असते. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांत ही सोय आरटीएक्स ५० मालिकेपासून आली.

पाहुण्यांच्या फोनवरच्या क्लिपा मात्र आधी ठरावीक फ्रेम-दरात बदलून घ्याव्यात. फोनचा दर हलता असतो, त्यामुळे लांब क्लिपमध्ये मंगलाष्टकांचे सूर आणि म्हणणाऱ्यांचे ओठ यांची हळूहळू फारकत होऊ शकते.