भर कमी-जास्त करता येणारी लेटेक्सची उशी : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या मिरगाच्या सुमारास ही उशी मागवली, ती चक्कर थांबावी म्हणून. चक्कर तिने थांबली नाही. सकाळची डोकेदुखी मात्र खूपच कमी झाली, आणि हे दोन त्रास वेगवेगळ्या कारणांचे आहेत हे कळायला मला अडीच महिने लागले. उशी चांगली की वाईट हे सांगण्याआधी तो घोळ सांगणे मला आवश्यक वाटते, कारण अशीच अपेक्षा धरून उशी घेणारे पुष्कळ आहेत.

एप्रिलअखेर एका पहाटे उजव्या कुशीवर वळले आणि वरची कौले गरगर फिरू लागली. गादीची कड धरून पडून राहिले. अर्ध्या-पाऊण मिनिटात सगळे स्थिर झाले. पुढे आडवे होताना, कूस बदलताना, फळीवरचा डबा काढायला मान वर केली की तेच होऊ लागले. आमच्या रत्नागिरीत चक्कर म्हटले की ‘मणक्याची झीज’ हे उत्तर आधी येते. माझ्या एक्स-रेमध्ये झीज दिसलीही. पण पन्नाशीनंतर ती काहीही त्रास नसलेल्या माणसांतही सर्रास दिसते, हे तेव्हा मला कोणी सांगितले नाही. सपाट झोपले की गरगरते, म्हणून मी सावरीच्या कापसाच्या दोन उशा एकावर एक ठेवून झोपू लागले. पंधरा दिवसांतच रोज सकाळी उजव्या मानगुटीपासून निघून भुवईच्या वर येऊन ठेपणारी डोकेदुखी सुरू झाली.

दुखणे मानेचे आणि कळ कपाळात, याचे मला फार नवल वाटे. मानेच्या वरच्या तीन नसांकडून येणाऱ्या आणि चेहऱ्याच्या नसेकडून येणाऱ्या वेदनेच्या संवेदना मज्जारज्जूच्या वरच्या टोकाला एकाच ठिकाणी पोहोचतात, त्यामुळे मानेतली कळ मेंदूला कपाळात जाणवते. डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो असते. ते सहा-सात तास एका बाजूला कलते राहिले, तर त्या सांध्यांवर आणि स्नायूंवर किती ताण येत असेल, याचा अंदाज करता येतो.

आता उशीविषयी. पावणेतीन हजार रुपये पडले. आत लेटेक्सचे तुकडे आहेत आणि चेन उघडून ते काढता-घालता येतात. आली तेव्हा ती गच्च भरलेली होती आणि मी तशीच वापरली, ही माझी चूक. जुलैभर डोके तसेच दुखत होते. चक्करही तशीच होती, म्हणून ऑगस्टमध्ये कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मान एका बाजूला पंचेचाळीस अंशांत वळवून मला झटकन मागे झोपवले आणि डोळ्यांच्या हालचाली पाहिल्या. आतल्या कानातले कॅल्शियमचे सूक्ष्म कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात, मग डोके हलले की चक्कर येते, असे त्यांनी समजावले. डोके ठराविक क्रमाने फिरवून ते कण परत जागी नेण्याची एक पद्धत आहे, तिला एप्ली म्हणतात. माझ्या बाबतीत दोन वेळा ते केले आणि चक्कर गेली. उशीचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता. चक्करच्या भीतीने रचलेल्या दोन उशांचा डोकेदुखीशी मात्र नक्कीच होता.

त्यानंतर उंचीकडे नीट लक्ष दिले. मी कुशीवर झोपते, त्यामुळे खांद्याच्या टोकापासून मानेपर्यंतचे अंतर उशीने भरून काढायला हवे. भिंतीला खांदा टेकवून उभी राहिले आणि मुलीने भिंतीपासून कानापर्यंतचे अंतर पट्टीने मोजले : तेरा सेंटीमीटर. आमची गादी कापसाची, घट्ट, म्हणून खांदा फार रुतत नाही. मऊ गादीवर झोपणाऱ्यांना याहून कमी उंची पुरेल. उशी रिकामी असताना किती फुगलेली दिसते याला अर्थ नाही, डोके ठेवल्यावर किती उरते ते महत्त्वाचे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजत आधी पाव किलो आणि आठवड्याने आणखी शंभर ग्रॅम भर काढली. ती पोह्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवली आहे. मुलीने मागून फोटो काढला, त्यात मानगुटीची रेघ पाठीच्या रेघेशी सरळ आली तेव्हा थांबले. सप्टेंबरपासून वहीत नोंद ठेवली आहे : पहिल्या महिन्यात अकरा सकाळी डोके दुखले, डिसेंबरात तीन.

यजमान उताणे झोपतात. त्यांनी एक रात्र ही उशी घेतली आणि हनुवटी छातीकडे ढकलली जाते म्हणून आपल्या पातळ सावरीच्या उशीकडे परतले. उताणे झोपणाऱ्याला एवढी उंची नको, मानेच्या खळग्याखाली थोडा आधार पुरतो.

काही उणिवाही आहेत. पहिले दहा-बारा दिवस रबराचा वास येत होता. तुकडे कडांकडे सरकतात, त्यामुळे रोज सकाळी उशी झटकावी लागते. नाहीतर आठवड्यात मधोमध खड्डा पडतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपल्याकडे पाऊस सरला की उशा-गाद्या अंगणात उन्हात टाकायची पद्धत आहे. सावरीच्या कापसाला ते मानवते, लेटेक्स मात्र उन्हाने कडक होऊन भुगा होऊ लागते. ऑक्टोबरात मी एक दुपार ही उशी उन्हात ठेवली, त्या बाजूचे तुकडे पिवळे पडून बोटांत चुरले जातात. आता सावलीत, पडवीत वाऱ्यावर ठेवते आणि अभ्रा तेवढा दर आठवड्याला धुते. पावसाळ्यात अभ्रा वाळायला दोन-तीन दिवस लागतात, तेव्हा तीन अभ्रे असावेत. कुबट वास मात्र या पावसात एकदाही आला नाही, आणि समुद्राजवळच्या घरात ही मोठी गोष्ट आहे.

ज्यांना डोकेदुखी अचानक आणि अतिशय तीव्र सुरू झाली असेल, किंवा चक्करबरोबर बोलणे अडखळते, एकाचे दोन दिसतात, हातपाय लुळे पडतात, त्यांनी उशीचा विचारही न करता ताबडतोब रुग्णालय गाठावे.

डब्यातली साडेतीनशे ग्रॅम भर मी टाकलेली नाही. गादी पिंजून घ्यायची आहे. ती परत आली की खांदा किती रुततो ते पाहून पुन्हा मोजणार आहे.