सुरक्षा धोरण: तयार फाइल घ्यावी की कामगारांसोबत बसावं?

भोसरी-चाकणकडे छोटं प्रेस शॉप (पत्र्याचे तुकडे दाबून भाग काढणारा कारखाना) आहे आणि मोठ्या ग्राहकाचं ऑडिट तोंडावर आलंय, तर वाटा दोन. कन्सल्टंटकडून फाइल करून घ्यायची, नाहीतर ऑपरेटर-हेल्परना घेऊन नियम ठरवायचे. (सूचना पेटी मी धरतच नाही. तिची किल्ली कुणाकडे असते?)

फाइल लवकर होते. कलमं, फॉर्म, आगीच्या वेळी बाहेर पडायचा नकाशा, सगळं जागच्या जागी. पण पुष्कळदा ती दुसऱ्याच कारखान्याची असते, वर नाव तेवढं तुमचं.

आता पॉवर प्रेस घ्या. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय स्ट्रोक येऊ नये, म्हणजे प्रेस खाली येताना बोटं डायबाहेर, साच्याबाहेर राहतात. फाइलमध्ये याची एक ओळ असते. शॉपमध्ये मात्र एका बटणात पाचर ठोकलेली सापडते. का, ते ऑपरेटरच सांगेल: तुकडा लहान आहे, एका हाताने धरावा लागतो, आणि पाळीला ठरवून दिलेला नगांचा आकडा नाहीतर निघत नाही. इथे नोटीस लावून काही होत नाही. तुकडा धरणारं फिक्श्चर लागतं, किंवा आकडा खाली आणावा लागतो. दुसरं मालकाला जड जातं, म्हणून बैठकीला मालक हवाच.

या वाटेला वेळ लागतो. पहिल्या दोन बैठकांत पंखा आणि चहाच निघणार. निघू द्या, पंखा बसवा. मग प्रेसचं बोलणं निघेल. सुपरवायझर समोर बसला तर तेही नाही. कंत्राटी पोरांना वगळलंत, तर बैठकच फुकट. जोखमीची कामं बहुधा त्यांच्याच वाट्याला असतात.

कायद्यालाही हे नवं नाही. भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांत सुरक्षा समिती आली, तीत व्यवस्थापन आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान. २०१८ चं आयएसओ ४५००१, म्हणजे कामाच्या जागच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक, तर अधिकारी नसलेल्या कामगारांचा सहभाग वेगळा मागतं.

तरी सगळं कामगारांवर सोडू नका. ‘वीस वर्षं असंच करतोय’ म्हणणाऱ्याला धोका दिसेनासा होतो. अर्थिंग, गार्डचं अंतर, थिनरची वाफ हे जाणकारानेच मोजावं.

पन्नासच्या आत माणसं असतील, तर मी कागदी समिती काढणार नाही. आठवड्याला एक मशीन, पाळीच्या सुरुवातीला दहा मिनिटं, पगारी वेळेत. ऑडिट अगदी डोक्यावर असेल, तर कन्सल्टंट बोलवा; पण आधी दोन दिवस त्याला प्रेसपाशी उभं करा, रात्रपाळीतसुद्धा.