रिले, पीएलसी की सर्व्हर? आंबा पल्पच्या युनिटचं पॅनेल बदलताना

रत्नागिरी-देवगडकडचं पल्पचं युनिट आंब्याच्या सीझनमध्ये रात्रंदिवस चालतं, आणि दुसरं फळ घेत नसाल तर पुढच्या आंब्यापर्यंत बंद. मशिनं चालू-बंद करणारं कंट्रोल पॅनेल निवडताना चालू महिन्यांपेक्षा या बंद महिन्यांचा विचार आधी करा. खारी दमट हवा तेव्हाच आत काम करत असते.

रिलेचं, म्हणजे विजेने आपोआप चालू-बंद होणाऱ्या स्विचांचं, जुनं पॅनेल वाईट नाही. कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा मोठा रिले) गेला तर गावातला वायरमन टेस्टर लावून शोधतो, बाजारातून नवा आणून बसवतो. वेंगुर्ला-सावंतवाडीकडे काजूला एक कुकर, एक ड्रायर असेल तर नव्या पॅनेलवर पैसे घालूच नका. पल्पचं तसं नाही. पाश्चरायझरचं (पल्प तापवून जंतू मारणाऱ्या मशिनचं) तापमान बॅचवार नोंदलेलं लागतं, एक्स्पोर्टवाला ते मागतोच, आणि रिले काही नोंद ठेवत नाही.

पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारा कंट्रोलर, आला तोच रिलेंचं जंजाळ काढायला. 1968 मध्ये जनरल मोटर्सला दर नव्या मॉडेलला पॅनेलचं वायरिंग बदलणं परवडेना. त्यातून मोडिकॉन 084 हा पीएलसी निघाला. पीएलसीचा लॅडर (शिडीसारखा मांडलेला) प्रोग्रॅम रिलेच्या ड्रॉइंगसारखाच दिसतो, म्हणून आपला वायरमनही महिनाभरात सरावतो. मात्र सेकंडहँड स्वस्तात मिळतोय म्हणून जुना घेऊ नका. बऱ्याच जुन्या मॉडेलांत प्रोग्रॅम बॅटरीवर टिकतो. पावसाळ्यात मेन स्विच खाली, बॅटरी संपली, की एप्रिलमध्ये पीएलसी कोरा! वीज नसतानाही प्रोग्रॅम टिकवणारा फ्लॅश मेमरीवालाच घ्या. पॅनेलमध्ये छोटा हीटर बसवा आणि बंद काळातही त्याला वीज चालू ठेवा, नाहीतर टर्मिनल हिरवी पडलीच म्हणून समजा.

तिसरा पर्याय नवा: कंट्रोलरच सॉफ्टवेअर बनून सर्व्हरवर चालतो. जर्मनीत ऑडीने हे सुरू केलंय. कितीतरी रोबोट, आवारातच सर्व्हर, चोवीस तास आयटीची माणसं. तिथे ते शोभतं. आपल्याकडे याच नावाखाली इंटरनेटवरून चालणारं कंट्रोल विकायला येतात. मे महिन्यात वळवाच्या गडगडाटात लाइट आणि नेट दोन्ही जातात, आणि तेव्हाच पाश्चरायझर भरलेला असतो. अशा वेळी नेटची वाट न बघता स्टीमचा व्हॉल्व्ह जागेवरच बंद झाला पाहिजे. मोबाइलवर तापमान बघायला नेट खुशाल वापरा.

पल्पला माझं मत पीएलसीलाच. इमर्जन्सी स्टॉप मात्र प्रोग्रॅममधून नको, थेट वायरने कॉन्टॅक्टरपर्यंत हवा. आणि प्रोग्रॅमची कॉपी, पासवर्ड ऑर्डरमध्येच लिहून घ्या; पॅनेलवाला पुण्याचा असेल तर ऐन सीझनला त्याचा फोन लागेलच असं नाही.