नॉइज कॅन्सलिंग इअरबड्स: घरात घालावेत का?

आमच्या घराच्या खिडक्या सिंहगड रस्त्यावर उघडतात आणि मी घरूनच भाषांतराचं काम करते, म्हणून हे घेतले. कामगिरीबद्दल तक्रार नाही. बाहेरचा माइक आवाज टिपतो, आतून त्याच्या उलट लहर सोडली जाते आणि बसचं इंजिन, पंखा, एसी अशी एकसुरी घरघर जवळपास नाहीशी होते. वनाज-रामवाडी मेट्रोत तर फारच सुख. कुकरची शिट्टी मात्र येते, माणसाचं बोलणंही बऱ्यापैकी येतं. सतत बदलणाऱ्या आवाजाला हे तंत्र तितकंसं पुरं पडत नाही. बोलणं पुसायला वरून गाणं लावावं लागतं, आणि ते आपणच लावतो.

रे ब्रॅडबरींची १९५३ सालची 'फॅरनहाइट ४५१' पुस्तकं जाळणाऱ्या राजवटीची कादंबरी म्हणून प्रसिद्ध आहे. मला त्यातली मिल्ड्रेड जास्त छळते. कादंबरीचा नायक मॉन्टॅगची ही बायको रात्र रात्र कानात शिंपल्यांसारखे इवले रेडिओ घालून पडलेली असते. दिवसाही तेच, इतकं की समोरच्याचे ओठ वाचण्यात ती तरबेज झाली आहे. बायकोशी बोलायला आपणच एखादं प्रसारण केंद्र विकत घ्यावं का, असं मॉन्टॅगच्या मनात येतं! आपण पहिल्यांदा कुठे भेटलो, हे दोघांनाही आठवत नाही. आणि ते रेडिओ कानात घालायची सक्ती तिच्यावर कुणीच केलेली नाही.

आमच्या सासूबाई भाजी निवडता निवडता बोलत असतात. कुणाच्या सुनेचं डोहाळजेवण, मंडईतला मटारचा भाव, माहेरच्या विहिरीच्या गोष्टी. हल्ली त्या आधी माझ्या कानांकडे बघतात, मग बोलायचं की नाही ते ठरवतात. मी ट्रान्स्परन्सी मोड (बाहेरचा आवाज कानात येऊ देणारी सोय) लावून म्हणते, "आई, येतंय ऐकू, बोला ना." त्या म्हणतात, "असू दे, तुझं चाललंय ना." मोड उत्तम आहे, शब्दन्‌शब्द ऐकू येतो. पण समोरच्याला ते कळणार कसं? बाहेरून दिसेल असा एखादा बारीक दिवा तरी कंपन्यांनी द्यावा.

प्रवासासाठी, रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्यांसाठी जरूर घ्या. सोबत वेगवेगळ्या मापांच्या रबरी टोप्या येतात, त्या लावून बघा. सैल बसली तर पैसे फुकट. रस्ता ओलांडताना काढा. घरी वापरायला मात्र डोक्यावरून येणारे मोठे हेडफोन बरे. घातलेले लांबून दिसतात, आणि काढून गळ्यात अडकवले की तेही दिसतं.