दिव्याचा आरसा: मेकअपसाठी कसा आहे, माहीत नाही

हा आरसा लिपस्टिक लावायला बरा की वाईट, ते मला विचारू नका. मी तो व्हजायनोप्लास्टीनंतर, म्हणजे योनी तयार करायच्या ऑपरेशननंतर, बाराव्या दिवशी मागवला. आंघोळ करताना टाक्याचा दोरा बोटाला लागला आणि तिथे काय झालंय ते कितीही वाकलं तरी दिसेना. मोबाइलवर फोटो काढायला गेले, तर हात हलायचा, सावली पडायची.

याची मान हवी तशी वाकते. पाठीला उशी लावून बसलं की पायांच्या मध्ये आरसा आपला आपण उभा राहतो आणि दोन्ही हात मोकळे. एका हाताने कातडी बाजूला धरायची असते, दुसऱ्यात फोन. मला तरी एवढ्यासाठीच तो हवा होता.

दिव्याला तीन रंग आहेत, त्यातला पांढराच लावा. मी तीन दिवस पिवळ्या उजेडात बघत होते आणि जखमेवर सगळा पू साठलाय असं धरून बसले होते. पांढऱ्यात दिसलं की वर सायीसारखा पातळ थर आहे आणि खाली ओलसर, लालसर मांस भरतंय.

दुसरी बाजू पाचपट मोठं दाखवते. ती रात्री अजिबात उघडू नका! योनीच्या खालच्या कडेला, जिथे टाके एकत्र येतात आणि सगळा ताण बसतो, तिथे माझं थोडं उसवलं होतं. आरशात ती दरी होती. दीड वाजता रडत सिस्टरना फोटो पाठवला. सकाळी त्यांचं उत्तर: "आरसा उलटा करा, शेजारी मोजपट्टी धरा, मग फोटो काढा." मोजलं तर एक सेंटिमीटर. सर्जन म्हणाले, पुन्हा टाके नकोत, ही जखम तळापासून भरत येईल. स्वच्छ ठेवा, मनाने काही लावू नका. डायलेटर (योनी आकसू नये म्हणून आत घालायची कांडी) बंद करायचा नाही, पण काही दिवस लहान मापाचा घ्या. पुढच्या आठवड्यात पट्टीवर सात मिलिमीटर, पाचव्या आठवड्यात जखम बंद.

तिसऱ्या महिन्यात डायलेटरवर रक्त दिसायला लागलं. आरशात काहीच नाही. असणार कुठून, ग्रॅन्युलेशन, म्हणजे जखम भरताना जास्तीचं वाढलेलं मांस, आत होतं. तपासणीत लालभडक, हात लावला की रक्त येणारा मण्याएवढा उंचवटा सापडला. ते जाळायला सिल्व्हर नायट्रेटची काडी टेकवली, चुरचुरलं, मग दोन दिवस करडा-काळा स्राव. तो येणार हे आधीच सांगितलं होतं, नाहीतर मी पुन्हा दीड वाजता आरसा घेऊन बसले असते.

तेव्हा याच्या भरवशावर राहू नका. ताप, घाण वास, पॅड भिजवणारं रक्त, योनीतून वारा सरणं यातलं आरसा काहीच सांगत नाही. असं काही झालं तर बघत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

तक्रारी दोन. बटण मागच्या बाजूला आहे, म्हणजे ग्लोव्ह्ज घातल्यावर दिवा लावायचा राहिलाय हे आठवलं की ग्लोव्ह्ज बदला. आणि चौथ्या महिन्यात मान ढिली पडून आरसा ऐन वेळी मांडीवर आपटायला लागला. उरलेली सर्जिकल टेप गुंडाळलीय, त्यावर टिकून आहे. एक तारा त्याचा कापला.