डॅशबोर्डचे दिवे लुकलुकत होते: मल्टिमीटरचा आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या जुलैत गगनबावड्याहून रात्री परतताना, कळे गाव ओलांडल्यावर डॅशबोर्डचे दिवे लुकलुकायला लागले. धो धो पाऊस, त्यात हेडलाइट, वायपर आणि काचेवरची वाफ घालवायला ब्लोअर, सगळं एकदम चालू. काटे दिसायचे, विझायचे, परत दिसायचे. बॅटरीचा लाल दिवा मात्र एकदाही लागला नाही. मागच्या सीटवर आई आणि माझी लहान मुलगी होती. कोल्हापूरची फुलेवाडी येईपर्यंत जीव मुठीत होता.

दुसऱ्या दिवशी एका दुकानात बॅटरी बदलायला सांगितली. बदलली. पाचव्या दिवशी पुन्हा तेच. मग दुसरीकडे ‘डायनामो गेलाय’ म्हणाले, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर. आता न मोजता पैसे घालायचे नाहीत असं ठरवून नऊशे रुपयांचा ऑटोरेंज (मोजायची रेंज आपोआप निवडणारा) डिजिटल मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट-करंट मोजायचा मीटर, घेतला. त्याचाच हा अनुभव.

आधी बॅटरी बघितली. गाडी रात्रभर उभी असताना १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज. इंजिन चालू केल्यावर १४.२. साधारण १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आकडा असेल तर चार्जिंग होतंय. (अलीकडच्या काही गाड्यांत चार्जिंगचं व्होल्टेज ईसीयू (गाडीतला छोटा संगणक) कमीजास्त करतो, त्यामुळं तिथं एका आकड्यावर जाऊ नका.) मग डायनामोचे डायोड, म्हणजे त्यातल्या एसीचं डीसी करणारे भाग. एखादा डायोड गेला की डीसीत एसीची लहर मिसळते आणि दिवे थरथरतात. मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीला लावला, ०.०४ आलं. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं असतं तर डायोडवर संशय घ्यावा लागला असता.

इथं एक गोष्ट जरूर सांगायची आहे. मित्राकडचा दीडशे रुपयांचा मीटर एसीवर ठेवला तर बंद गाडीच्या बॅटरीलाच पंचवीसच्या आसपास आकडा दाखवत होता. काही स्वस्त मीटर एसीच्या रेंजवर डीसी अडवतच नाहीत. त्यातून त्यात एसीची सगळ्यात लहान रेंज २०० व्होल्टची, तिथं अर्धा व्होल्ट कुठून दिसणार? म्हणून आधी इंजिन बंद ठेवून एसीवर मोजा. शून्याजवळ आलं तरच पुढच्या आकड्यावर विश्वास ठेवा.

डायनामो ठीक, बॅटरी ठीक, मग बिघाड कुठं? उद्यमनगरातल्या एका वायरमन मामांना आकडे सांगितले. ते म्हणाले, ‘‘डायनामोला काय बी झालं न्हाई. अर्थ बघितलास का? बॉडीचा बघ, इंजिनचा न्हाई.’’

अर्थ म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह गाडीच्या लोखंडाला जोडणारी पट्टी; एक बॉडीला, एक इंजिनला. मीटर डीसीवर घेतला. एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी बॉडीच्या उघड्या लोखंडावर. इंजिन, हेडलाइट, ब्लोअर सगळं चालू. आकडा ०.१ च्या आत हवा होता, तो ०.३ आणि १.१ च्या मध्ये नाचत होता, आणि दिवे अगदी त्याच तालावर. इंजिन ब्लॉकवर मात्र ०.०५. बॅटरीच्या ट्रेखाली बॉडीच्या अर्थ पट्टीचा बोल्ट गंजून फुगला होता. निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवलं, बोल्ट खोलला, पॉलिश पेपरनं लोखंड चकचकीत होईपर्यंत घासलं, नवा दातेरी वायसर घालून आवळलं आणि वरून व्हॅसलीन लावलं. पुन्हा मोजलं, ०.०४. त्या क्षणी झालेला आनंद मी विसरणार नाही. खर्च वीस रुपयांच्या आत.

नोव्हेंबरात दिवे पुन्हा थरथरले, पण या वेळी फक्त डॅशबोर्डचे. हेडलाइट स्थिर, अर्थचा आकडाही जागेवर. सगळे दिवे एकदम हलले तर मूळ पुरवठा किंवा अर्थ बघायचा, एकटा डॅशबोर्ड हलला तर बिघाड त्याच्याच वाटेत असतो. प्रकाश कमीजास्त करायचं चाक फिरवलं की थरथर बदलायची. त्यात कॉन्टॅक्ट क्लीनर मारून दहा-बारा वेळा फिरवलं, थांबली.

आता मीटरबद्दल. आठ महिन्यांत आकडे भरवशाचे वाटले, दुकानातल्या मोठ्या मीटरशी ताडून बघितले तेव्हा फरक दुसऱ्या दशांशातच होता. तक्रारी दोन: पिनांची टोकं गुळगुळीत असल्यानं गंजलेल्या बोल्टवरून घसरतात, आणि दुपारच्या उन्हात पडदा दिसत नाही. मगरचिमटे वेगळे घ्या, मोजताना एक हात मोकळा राहतो. आणि लाल वायर १० अँपिअरच्या भोकात असताना पिना बॅटरीच्या दोन टोकांना कधीही लावू नका, तो सरळ शॉर्ट आहे. काही मीटरच्या त्या भोकाला फ्यूजही नसतो.

मेहुण्याच्या गाडीचेही दिवे लुकलुकतायत, त्यालाही बॅटरी बदलायला सांगितलंय. रविवारी कळंब्याला जाऊन आधी अर्थ मोजणार आहे.