आठ महिने आपल्याकडची वाईन पिऊन बघितल्यावर, माझा अनुभव

गेल्या दिवाळीपासून आत्तापर्यंत, म्हणजे साधारण आठ महिन्यांत आमच्या घरी एकोणीस बाटल्या उघडल्या. त्यातल्या सतरा महाराष्ट्रातल्या, एक बंगळूरजवळच्या नंदी हिल्सची, ग्रोव्हर वायनरीची ला रिझर्व्ह ही रेड आणि एक गोव्याहून आणलेली पोर्ट. प्रत्येक बाटलीबद्दल वहीत दोन-चार ओळी लिहून ठेवल्यात, त्या वाचूनच हे लिहितेय. दर शनिवारी मी आणि नवरा, एक-दीड ग्लास, जेवणासोबत, एवढंच. त्यामुळे हा कोणा एक्स्पर्टचा रिव्ह्यू नाही, पण आठवड्यामागून आठवडे तीच वाईन वेगवेगळ्या जेवणासोबत पिऊन जे कळतं ते एका दिवसाच्या टेस्टिंगमध्ये कळत नाही असं माझं स्पष्ट मत झालंय.

आधी थोडं घरचं सांगते, कारण त्याशिवाय यातलं काही नीट समजणार नाही. माझं सासर दिंडोरी तालुक्यातलं, द्राक्षाचं घर. थॉमसन आणि आता सोनाका, ही खायच्या द्राक्षांची वाणं. २००६ च्या सुमारास सासऱ्यांनी, नानांनी, दोन एकर वाईनची द्राक्षं लावली होती, शिराझ, म्हणजे रेड वाईनचं काळं द्राक्ष. एका वायनरीशी करार होता, दोन वर्षं माल उचलला, मग मागणी पडली, पैसे अडकले, तिसऱ्या वर्षी माल झाडावर तसाच राहिला आणि नानांनी बाग उपटून टाकली. त्या काळात आजूबाजूच्या बऱ्याच जणांनी हेच केलं. तेव्हापासून आमच्या घरात वाईन हा विषयच निघत नव्हता. नाना माळकरी, ते पीत नाहीतच, पण बाकीच्यांनीही कधी चव घेतली नव्हती. ज्या गावात द्राक्षं पिकतात, शेजारच्या गावात वायनरी आहे, तिथल्या घरात कोणाला वाईन कशी लागते ते माहीत नाही, याचं मला लग्न झाल्यापासून वाईट वाटायचं.

सुरुवात नाशिकच्या सुला वायनरीच्या शेनिन ब्लांक या व्हाईट वाईनने केली. २००० साली सुलाची पहिली वाईन बाजारात आली तेव्हा सोव्हिन्यॉं ब्लांक आणि शेनिन ब्लांक हीच दोन होती, म्हणून म्हटलं तिथूनच सुरू करू. पहिल्या दिवशी आवडली नाही. गोडसर लागली आणि फिकी. नंतर कळलं की बाटली फ्रीजमध्ये फक्त वीस मिनिटं ठेवली होती, आणि ग्लास म्हणून आमचे सरबताचे ग्लास वापरले होते. दुसऱ्या शनिवारी तीच वाईन तीन तास फ्रीजमध्ये ठेवून, पोट मोठं आणि तोंड निमुळतं असलेल्या ग्लासात, एक तृतीयांशच भरून घेतली तेव्हा अननसाचा वास इतका स्पष्ट आला की नवरा म्हणाला ही वेगळी बाटली आहे का. थंडी आणि ग्लास, एवढाच फरक. पुढे हाच धडा रेडच्या बाबतीत उलट्या बाजूने मिळाला. रेड वाईन रूम टेम्परेचरला प्यायची असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण ते रूम युरोपातलं, सोळा-अठरा डिग्रीचं. नाशिकला एप्रिलमध्ये हॉलमध्ये बत्तीस असतं. त्या तापमानाला कुठलीही शिराझ नुसती दारूसारखी नाकात जाते. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मग उघडायची, हे मी आता कोणालाही पहिलं सांगते.

सोव्हिन्यॉं ब्लांक मात्र पहिल्या घोटालाच आवडली. तिला कच्च्या पेरूचा वास येतो. अगदी तो हिरवा, करकरीत, मीठ-मिरची लावून खायचा पेरू. सुक्या बोंबलाच्या चटणीसोबत नाही चांगली लागली, पण तव्यावर रवा लावून तळलेल्या सुरमईसोबत लिंबू पिळायची गरजच पडली नाही, वाईननेच ते काम केलं.

जेवणाबरोबरचे प्रयोग हा या आठ महिन्यांतला सगळ्यात मजेचा भाग. आपल्या जेवणासोबत वाईन जात नाही असं लोक बिनधास्त म्हणतात, ते मला पटत नाही, कुठली वाईन ते बघावं लागतं. मिसळीसोबत शिराझ घेतली तो दिवस वाईट गेला, तिखट दुप्पट लागलं, जीभ भाजली. तीच मिसळ पुढच्या रविवारी दुपारी थंडगार शेनिनसोबत खाल्ली, जरा गोडसर आणि आंबट असल्यामुळे तर्रीचा जाळ खाली बसला आणि परत पुढचा घास घ्यावासा वाटला. बांगड्यासोबत रेड घेतली तर तोंडात लोखंडाची चव येते, ती चव पुढे तासभर जात नाही, कृपया करू नका. काळ्या मसाल्याच्या मटणासोबत मात्र शिराझसारखं दुसरं काही नाही. सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ आम्ही अशी दोनदा घेतली. त्या वाईनला काळ्या मिरीचा वास येतो आणि ते नुसतं वर्णन नाही, मिरीत जो रोटंडोन नावाचा घटक असतो तोच शिराझच्या सालीत असतो, त्यामुळे मसाल्यातली मिरी आणि ग्लासातली मिरी एकमेकींना ओळखतात असं वाटतं.

कोथिंबीर वडी आणि साबुदाणा वड्यासोबत शांदोंची ब्रूट, म्हणजे बुडबुड्यांची, गोड नसलेली वाईन. ही पण दिंडोरीचीच, शेनिन, शार्दोने आणि पिनो न्वार या तीन द्राक्षांची. यातले बुडबुडे वरून गॅस भरून आलेले नसतात, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवतात तेव्हा तयार होतात, आणि आत गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त प्रेशर असतं. म्हणून उघडताना बूच घट्ट धरून बाटली फिरवायची, बूच फिरवायचं नाही. तळणीचं तेल ही वाईन जिभेवरून असं साफ करते की पाचवी वडीही पहिलीसारखी लागते.

फेब्रुवारीतली एक सकाळ मात्र सविस्तर सांगायलाच हवी. भाऊजींच्या, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांच्या ओळखीच्या एका बागायतदाराकडे शिराझची तोडणी होती. तोडणी पहाटेच चालते, माल गार असतानाच वायनरीत गेला पाहिजे म्हणून. आम्ही साडेपाचला पोचलो. अंधारात बॅटऱ्या डोक्याला लावून बायका कात्रीने घड कापत होत्या, खाली कॅरेटं मांडलेली, आणि मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते मण्यांचं. आमच्या बागेतला थॉमसनचा मणी जीएची, म्हणजे मणी वाढवणाऱ्या संजीवकाची, ट्रीटमेंट देऊन लांबडा, फुगीर केलेला असतो, आणि हा शिराझचा मणी वाटाण्याएवढा, जवळजवळ काळा, आत बी. भाऊजींनी एक मणी माझ्या हातावर दाबला. आतला गर पाण्यासारखा, पांढरट. रंग सगळा सालीत, माझी दोन बोटं दुपारपर्यंत जांभळी होती. मग म्हणाले, वहिनी साल चावून बघा. चावली तर जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी आकसते तसंच झालं, आणि त्या क्षणी मला टॅनिन म्हणजे काय ते समजलं. पुस्तकात दहा वेळा वाचलं होतं. रेड वाईन सालीसकट आंबवतात म्हणून ती तुरट लागते, व्हाईटमध्ये साल आधीच काढतात म्हणून लागत नाही. त्यानंतर कुठलीही रेड प्यायले की माझ्या डोक्यात ती पहाट येते.

युरोपात ही तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबरला असते, आपल्याकडे जानेवारी ते मार्च, कारण पावसाळ्यात माल पिकवला तर डावणी आणि भुरी या बुरशीच्या रोगांनी काही हाती लागणार नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसानंतर गोडी छाटणी, अशी वर्षातून दोनदा वेल कापायची आणि थंडीत पीक घ्यायचं. हे सगळं नानांच्या पिढीने थॉमसनसाठी अंगवळणी पाडलं होतं, तेच वाईनच्या बागेला कामी आलं.

मार्चमध्ये एका शनिवारी भाऊजी जेवायला आले होते. मी एक कॅबर्ने सोव्हिन्यॉं ही रेड उघडली होती, वायनरीचं नाव लिहीत नाही. मला वास येत होता पण शब्द सापडत नव्हता. भाऊजींनी ग्लास नाकाजवळ नेला, आयुष्यात दुसऱ्यांदा वाईन हातात घेतली होती त्यांनी, आणि लगेच म्हणाले, ढोबळी मिरची. माल लवकर तोडलाय, साल पिकलेली नाही. मी नंतर वाचून बघितलं तर अगदी तेच निघालं, कॅबर्नेच्या मण्यात हा ढोबळी मिरचीचा वास आधीपासून असतो आणि माल पिकत जातो तसा तो कमी होतो. वीस वर्षं बागेत उभ्या राहिलेल्या माणसाला ते एका वासात कळलं. मला तेव्हापासून वाटतं की द्राक्षं पिकवणाऱ्या प्रत्येक घरात एकदा तरी वाईन चाखली गेली पाहिजे, कारण तिच्यात काय चुकलंय हे आपल्या लोकांइतकं कोणी ओळखणार नाही.

त्याच रात्री नाना येऊन बसले. प्यायले नाहीत, पण टेबलावर शिराझचीही बाटली होती, ती हातात घेऊन लेबल वाचत बसले, अल्कोहोल साडेतेरा टक्के बघितलं आणि मनात हिशोब करून म्हणाले, चोवीस ब्रिक्सच्या वर तोडलाय माल. ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप. ड्राय वाईनमध्ये ब्रिक्सच्या निम्म्याहून थोडं जास्त अल्कोहोल बनतं, हे त्यांना तेव्हाच्या करारापासून पाठ होतं. मग ग्लासाचा नुसता वास घेतला, बराच वेळ घेतला. आमच्याकडून बावीसलाच उचलायचे, एवढं म्हणून झोपायला गेले. सतरा-अठरा वर्षांनी त्या बागेबद्दल घरात बोललं गेलेलं हे पहिलं वाक्य.

एक तक्रार आहे आणि ती गंभीर आहे. मे महिन्यात शहरातल्या एका दुकानातून चांगली महागडी रेड घेतली. घरी येऊन बघते तर बूच बाटलीच्या तोंडातून दोन-तीन मिलिमीटर वर आलेलं. उघडल्यावर ताज्या फळाचा वास नाही, उकळून आटवलेल्या रसाचा, करपलेल्या गुळासारखा वास. दुकानात दुपारचं ऊन थेट शेल्फवर पडतं, एसी नाही, बाटल्या महिनोन्महिने तिथेच उभ्या. बदलून द्या म्हटलं तर उघडलेली बाटली परत घेत नाही असं उत्तर आलं. शेतकऱ्याने पहाटे गार असताना तोडलेला माल, वायनरीने थंड टाकीत सांभाळलेला, आणि शेवटच्या पायरीवर तो उन्हात शिजवायचा, याचा मला खरंच राग येतो. आता मी बूच असलेली बाटली घेताना आधी बोट फिरवून बघते की बूच काचेच्या पातळीत आहे ना, आणि उन्हाळ्यात शक्यतो वायनरीतूनच घेते किंवा स्क्रू कॅपची घेते. स्क्रू कॅप म्हणजे हलकी वाईन हा गैरसमज आहे, लवकर प्यायच्या व्हाईटसाठी तेच झाकण सगळ्यात चांगलं.

उघडलेली बाटली झाकण लावून फ्रीजमध्ये, रेडसुद्धा, आणि तीन दिवसांत संपवायची. चौथ्या दिवशी धार गेलेली असते.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. यॉर्कची आर्रोस ही रेड भारी आहे पण तिला आणि आम्हाला दोघांनाही घाई नसावी, उघडून तासभर ठेवली तेव्हा कुठे मोकळी झाली. ला रिझर्व्ह सगळ्यात समतोल वाटली, पाहुण्यांसाठी बिनधास्त. गोव्याची पोर्ट गोड, काढ्यासारखी दाट, माझ्या आत्याला आवडली, मला अर्ध्या ग्लासापुढे गेली नाही. लेट हार्वेस्ट शेनिन, छोटी बाटली, वेलीवरच सुकायला ठेवलेल्या द्राक्षांची, मध आणि बेदाण्याची चव. ही होळीला पुरणपोळीसोबत घेतली आणि तिथे ती चक्क आंबट लागली, कारण पोळी वाईनपेक्षा गोड. दुसऱ्या दिवशी उरलेली खारे काजू तोंडात टाकत प्यायलो तर अप्रतिम.

आणि माझी सगळ्यात आवडती, अकलूजच्या फ्रातेल्ली वायनरीची सेत्ते ही रेड. सोलापूर जिल्ह्यातल्या उन्हात इटलीच्या टस्कनीतलं सांजोव्हेझे हे द्राक्ष वाढतं याचंच मला आधी नवल वाटलं होतं. ही वाईन सांजोव्हेझे आणि कॅबर्नेची. पहिला घोट आमसुलासारखा, आंबट-तुरट, तोंडाला पाणी सुटतं, मग मागून लाकडाचा, किंचित तंबाखूसारखा वास, आणि गिळल्यावर चव बराच वेळ राहते, मी घड्याळ लावून बघितलं, अर्ध्या मिनिटाहून जास्त. खानदेशी शेवभाजीसोबत घेतली होती त्या रात्री वहीत मी पानभर लिहिलंय.

पुढच्या महिन्यात निफाडच्या रेव्हेलो वायनरीची नेरो दाव्होला आणि इगतपुरीकडच्या व्हालोने वायनरीची मालबेक, या दोन रेड आणायच्या आहेत. सेत्तेची दुसरी बाटली घेतलीये, ती गॅसपासून लांब, खालच्या कपाटात आडवी ठेवलीये. भाऊजी म्हणाले तीन वर्षं हात लावू नका, म्हणून त्यांच्याच हाताने तारीख लिहून कागद चिकटवून घेतलाय.